चित्रं काढणाऱ्या पोरांनी बालाघाटातून पुढे जायचं कुठे? प्रदर्शन-रचनेच्या क्षेत्राची सविस्तर ओळख

बालाघाट : बारावीचा निकाल लागला की वैनगंगेच्या काठच्या घराघरांत एकच चर्चा असते. पोलीस भरती, बी.एड., नर्सिंग, नाहीतर मॉइल आणि मलाजखंडच्या खाणीत काही जमतं का. या चर्चेत वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढणारा पोरगा किंवा गणपतीची आरास एकटीने उभी करणारी पोरगी कुठेच बसत नाही. "हात चांगला आहे, पण त्यातून पोट भरते का?" असं विचारून विषय संपतो.

प्रश्न रास्तच आहे. त्याचं उत्तर शोधायला मुंबईपर्यंत जायची गरज नाही, जिल्ह्यातच एक ठिकाण आहे.

मुक्कीच्या दारात

कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात, बैहर तालुक्यात येतं. जंगल बघायला आलेला माणूस आधी किंवा नंतर तिथल्या माहिती केंद्रात डोकावतो. फलक, चित्रं, जंगलाची मांडणी बघतो आणि निघून जातो. हे सगळं कुणीतरी विचार करून बसवलेलं आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं.

१९८० च्या दशकात मध्य प्रदेश वन विभाग, अहमदाबादचं सेंटर फॉर एन्व्हायर्न्मेंट एज्युकेशन आणि अमेरिकेची नॅशनल पार्क सर्व्हिस यांनी मिळून कान्हात पर्यटकांसाठी अशी केंद्रं उभी केली. खटिया, मुक्की आणि उद्यानातलं कान्हा अशी ही ठिकाणं. पर्यटकाला काय सांगायचं, कुठल्या क्रमाने सांगायचं, किती शब्दांत आणि कुठल्या चित्राने सांगायचं, हे ठरवणं हेच प्रदर्शन-रचनाकाराचं काम. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी हे काम आपल्या दारात झालं. ते करायला माणसं मात्र बाहेरून आली. आज अशी कामं निघाली तर ती करायला बालाघाट-गोंदियाचीच माणसं तयार आहेत का, हा यातला खरा मुद्दा आहे.

हे काम नेमकं असतं काय?

अनेकांना वाटतं, प्रदर्शन म्हणजे मंडप आणि सजावट. सजावट हा त्यातला शेवटचा भाग झाला. आधी येते गोष्ट.

कान्हाचंच उदाहरण घ्या. १९७० मध्ये तिथल्या बारासिंगांची संख्या फक्त ६६ वर आली होती. पुढच्या प्रयत्नांनी ती आज हजाराच्या घरात गेली. फलकावर "६६" असा आकडा लिहिला तर वाचणारा पुढे सरकतो. त्याच जागी भिंतीवर ६६ लाकडी बारासिंगे लावले आणि समोरच्या पूर्ण भिंतीवर आजचा कळप दाखवला, तर पाचवीतलं पोरगंही थांबून मोजू लागतं. आकडा तोच राहतो, समजण्यात मात्र फरक पडतो. तो फरक घडवून आणण्याचे पैसे रचनाकाराला मिळतात.

या कामाचे काही ठरलेले हिशेब आहेत :

- चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १५० सेंटिमीटरवर येतो. मुलांसाठी काही वस्तू मुद्दाम खाली ठेवतात.
- एका फलकावर शंभराच्या आसपास शब्द पुरतात. उभं राहून वाचणारा माणूस त्याहून जास्त वाचत नाही.
- जुनं कापड, कागद आणि जलरंगाची चित्रं यांवर ५० लक्सच्या वर उजेड नको, नाहीतर रंग उडतो. वारासिवनीची जुनी साडी प्रखर हॅलोजनखाली महिनोन्महिने टांगून ठेवली, तर तिचं नुकसान कायमचं.
- चाकाच्या खुर्चीसाठी रॅम्पचा उतार १ ला १२ असतो. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते.
- व्यापारी मेळ्यात साधा स्टॉल ३ बाय ३ मीटरचा, म्हणजे ९ चौरस मीटरचा असतो. तेवढ्यात टेबल, माल, साठा आणि उभा राहणारा माणूस बसवायचा असतो.

म्हणून या क्षेत्रात चित्रकारासोबत लिहिणारा, सुतारकाम समजणारा, लाइट जोडणारा, कॉम्प्युटरवर नकाशा काढणारा आणि हिशेब ठेवणारा असे सगळेच लागतात. चित्र बेताचं येत असलं तरी चालतं, पण मोजमाप आणि माणसाची चाल समजली पाहिजे.

कामं येतात कुठून? संग्रहालयं, विज्ञान केंद्रं, वन विभागाची माहिती केंद्रं, कंपन्यांचे स्टॉल, कृषी मेळावे, सरकारी प्रदर्शनं, दुकानांची अंतर्गत मांडणी. दिल्लीत दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबरला भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात राज्यांची दालनं असतात, ती कुणीतरी डिझाइन करतंच. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमध्ये फिरतं संग्रहालय चालवलं आहे. गावात संग्रहालय नसलं तर संग्रहालयच गावात जातं. अशा बसचीही रचना करावी लागते.

आधी आजूबाजूचं बघा

शिकायला बाहेर पडण्याआधी बघायचं शिकावं लागतं. त्यासाठी बालाघाटचं स्थान फार सोयीचं आहे.

नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय म्हणजे अजब बंगला, १८६३ मध्ये सुरू झालेला. बालाघाट त्या काळी नागपूर विभागातच होतं. जुन्या पद्धतीने वस्तू कशा मांडत, ते तिथे दिसतं. नागपुरातच मोतीबागेला २००२ मध्ये नॅरोगेज रेल्वे संग्रहालय झालं. बालाघाट-नैनपूर-जबलपूर मार्गावरची छोटी गाडी २०१५ मध्ये थांबली. त्या गाडीतून शाळा-कॉलेजला गेलेल्या पिढीने आपल्या मुलांना घेऊन हे संग्रहालय एकदा तरी बघावं. रामन विज्ञान केंद्रात हात लावून शिकायची मांडणी कशी असते, ते कळतं.

भोपाळला दोन जागा चुकवू नयेत. श्यामला हिल्सवरचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि २०१३ मध्ये सुरू झालेलं मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय. दुसऱ्या ठिकाणी गोंड, बैगा, भील, कोरकू यांचं जगणं काचेच्या कपाटात न ठेवता पूर्ण दालनांतून उभं केलं आहे आणि ते त्या-त्या समाजाच्या कलाकारांच्या हातून घडवून घेतलं आहे. बैहर, परसवाड्याच्या पोरांनी हे बघितलं तर "आपल्या घरातली भिंतसुद्धा प्रदर्शनाचा विषय आहे" हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

बघताना वही सोबत ठेवावी. लोक कुठे थांबले, कुठे न वाचता पुढे गेले, कुठे रस्ता चुकले, एवढं लिहिलं तरी पहिला धडा झाला.

शिक्षणाचे रस्ते

या विषयातलं देशातलं मोठं नाव म्हणजे अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था, एनआयडी. अमेरिकन डिझाइनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला, त्यानंतर १९६१ मध्ये ही संस्था उभी राहिली. नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या जीवनावर १९६५ मध्ये न्यूयॉर्कला जे प्रदर्शन झालं, ते ईम्स आणि एनआयडी यांनी मिळून केलं होतं. तिथे चार वर्षांच्या बी.डेस. पदवीत प्रदर्शन-रचना हा स्वतंत्र विषय आहे.

बालाघाटच्या विद्यार्थ्यांसाठी जवळच्या वाटा अशा :

भोपाळ : एनआयडी मध्य प्रदेश ही संस्था २०१९ मध्ये सुरू झाली. इथे इंडस्ट्रियल, कम्युनिकेशन आणि टेक्स्टाइल या अंगाने शिक्षण मिळतं. कम्युनिकेशन शिकलेले विद्यार्थी प्रदर्शनाकडे वळू शकतात. भोपाळलाच निफ्टचंही केंद्र आहे.

जबलपूर : ट्रिपल आयटी डीएममध्ये बी.डेस. आहे. प्रवेश यूसीड परीक्षेतून होतो. ही परीक्षा आयआयटी मुंबई घेते आणि कुठल्याही शाखेतून बारावी झालेल्यांना देता येते. लागोपाठच्या दोन वर्षांत जास्तीत जास्त दोनदाच बसता येतं, म्हणून "बघू तर जमते का" म्हणून एक संधी वाया घालवू नये. एक भाग कॉम्प्युटरवर असतो, दुसऱ्यात हाताने चित्र काढावं लागतं.

खैरागड : लांजीच्या पलीकडे, छत्तीसगडात. तिथल्या राजघराण्याने आपल्या दिवंगत मुलीच्या नावाने राजवाडा दिला आणि १९५६ मध्ये इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय उभं झालं. चित्रकला, मूर्तिकला, ग्राफिक्स शिकायला आपल्या जिल्ह्याला हे सर्वांत जवळचं विद्यापीठ. तरी इकडचे पालक त्याचं नाव फक्त गाण्या-नाचण्यासाठी घेतात.

नागपूर : शासकीय चित्रकला महाविद्यालयात बी.एफ.ए. होतं. प्रवेश महाराष्ट्राच्या कला सीईटीतून. त्यात वस्तुचित्र, डिझाइन, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान असे भाग असतात.

बडोदा : पदवीनंतर संग्रहालयशास्त्र शिकायचं असेल तर महाराजा सयाजीराव विद्यापीठाचा विभाग १९५२ पासून आहे. इतिहास, प्राणिशास्त्र किंवा कॉमर्स झालेल्यांनीही संग्रहालयाच्या कामाची ही बाजू माहीत करून घ्यावी.

सीमेवरच्या घरांनी नीट वाचावं

घरात मराठी, शाळेत हिंदी, सोयरीक गोंदिया-तुमसरला आणि मूळ निवासी दाखला मध्य प्रदेशचा. या घरांची प्रवेशात हमखास गल्लत होते.

पहिली गोष्ट, महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत "सीमाभाग" असा शब्द दिसतो. तो महाराष्ट्र-कर्नाटक वादग्रस्त भागातल्या मराठी भाषकांसाठी आहे. बालाघाट, छिंदवाडा, बैतूलच्या मराठी माणसाला तो लागू होत नाही. मातृभाषा मराठी असली तरी नागपूरच्या सरकारी कॉलेजात आपलं पोरगं राज्याबाहेरचं उमेदवार धरलं जातं. जागा कमी, स्पर्धा जास्त.

दुसरी, मध्य प्रदेशाचा जातीचा दाखला महाराष्ट्राच्या राखीव जागेवर चालत नाही. तसाच उलटही. माहेर गोंदियाचं आणि सासर बालाघाटचं असलं तर कुठला दाखला कुणाच्या नावे, हे बारावीच्या आधीच तहसीलमध्ये बघून घ्यावं.

तिसरी गोष्ट दिलासा देणारी. एनआयडी आणि यूसीडमधून प्रवेश देणाऱ्या केंद्रीय संस्थांत आरक्षण केंद्राच्या यादीप्रमाणे असतं. तिथे ओबीसीसाठी केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो, राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. हा एक कागद वेळेवर नसल्यामुळे हातची जागा जाऊ शकते. म्हणूनच सीमेवरच्या पोरांसाठी राज्याच्या सीईटीपेक्षा राष्ट्रीय परीक्षा हा जास्त सरळ रस्ता ठरतो.

पदवी नसली तरी

सगळ्यांना अहमदाबादचा खर्च झेपत नाही. तरी वाट बंद होत नाही.

झाडीपट्टी रंगभूमी आपल्या शेजारी आहे. दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव प्रयोग करतात. तिथे पडदे, प्रकाश, ध्वनी, मंचाची उभारणी हे सगळं रात्री उभं होतं आणि सकाळी गाडीत भरलं जातं. झपाट्याने उभं करणं आणि झपाट्याने मोडणं, हेच तर प्रदर्शनाच्या स्टॉलचं काम. या रंगभूमीचे कलाकार परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवताच सिनेमापर्यंत पोहोचले होते, हेही आठवावं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबती आणि बडगे, गणपती-दुर्गेच्या झांक्या, लग्नाचे मंडप, फ्लेक्सचं दुकान ही सगळी शाळाच आहे. फ्लेक्सच्या दुकानात सहा महिने काढलेल्या पोराला कोरलड्रॉ येतं, छपाईचा दर कळतो, आठ बाय चारच्या प्लायमधून किती तुकडे निघतात ते कळतं. त्याने पुढे स्केचअप किंवा फुकट मिळणारं ब्लेंडर शिकून घेतलं, तर मोठ्या शहरातल्या कंपनीच्या दारात तो रिकाम्या हाताने जात नाही.

वयाचंही बंधन नाही. उमरियाच्या जोधईयाबाई बैगा यांनी सत्तरीच्या आसपास ब्रश हातात घेतला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

दाखवायला काय ठेवाल?

या क्षेत्रात मार्कशीटच्या आधी पोर्टफोलिओ बघतात. म्हणजे केलेल्या कामाची वही. त्यात सुंदर चित्रांची गर्दी नको. एक प्रश्न घेतला, त्यावर काय विचार केला, कच्चे नकाशे, चुकलेलं मॉडेल, बदललेलं मॉडेल आणि शेवटचा फोटो, असा प्रवास दिसला पाहिजे.

विषय जिल्ह्यातच आहेत. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये आणि वारासिवनीच्या हातमाग साडी-कापडाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चिन्नोरची गोष्ट दहा फलकांत सांगून बघा. भाताचा वास फलकावर कसा आणाल, यावर डोकं लावा. भरवेलीची खाण आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. ती खोली शाळेच्या जिन्यावर दाखवता येते का, करून बघा. शाळेच्या एका वर्गात, पुठ्ठ्याच्या खोक्यांवर, पाचशे-हजार रुपयांत केलेलं असं प्रदर्शन मुलाखतीत भारी पडतं. बघायला आलेल्या वीस माणसांना काय कळलं, ते मात्र विचारून लिहून ठेवावं.

पैशाचं गणित

आता पोट भरण्याचा मुद्दा. या क्षेत्रात पैसा असतो, पण तो उशिरा हाती पडतो. कलाकार अनेकदा इथेच अडकतात.

समजा, तीन लाखांचं स्टॉलचं काम मिळालं. ॲडव्हान्स ३० टक्के, म्हणजे ९० हजार. प्लाय, छपाई, मजुरी, गाडी यांचे २ लाख १० हजार पंधरा दिवसांत द्यायचे आहेत. म्हणजे १ लाख २० हजार खिशातून गेले. उरलेलं बिल दोन महिन्यांनी आलं तर कागदावर ९० हजारांचा नफा दिसतो, पण तोवर घर चालवायला पैसे नाहीत. म्हणून सुरुवातीला फक्त डिझाइनचं काम घ्यावं, उभारणी दुसऱ्याकडे जाऊ द्यावी. किंवा ॲडव्हान्स किमान मालाच्या खर्चाइतका मागावा.

सीमेवरच्यांनी जीएसटीचा एक नियम पाठ करावा. डिझाइनचं बिल ही सेवा झाली. वर्षाची एकूण उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर बालाघाटात बसून गोंदियाच्या ग्राहकाला सेवा दिली तरी नोंदणीची सक्ती नाही. पण तयार फलक किंवा मॉडेल बनवून राज्याबाहेर विकलं तर तो माल झाला. ठराविक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या, तर मालाच्या आंतरराज्य विक्रीला पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. आपलं घर आणि गोंदिया यांच्यात चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर असले तरी कायद्याला ते दुसरं राज्यच आहे.

उद्यम नोंदणी फुकट होते, ती पहिल्याच महिन्यात करावी. सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत देणं ग्राहकावर बंधनकारक आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने व्याज मागता येतं. तक्रार ऑनलाइन पोर्टलवर होते. बिलातून टीडीएस कापला असेल तर तो आपल्या पॅनवर जमा झाला का, हे फॉर्म २६ एएसमध्ये बघत राहावं. रिटर्न भरलं की जास्तीचा परत मिळतो.

आणि करार लेखी असावा. काम कोणतं, बदल किती वेळा, पैसे कधी, डिझाइन पुन्हा वापरलं तर हक्क कुणाचा. शेजारच्या डिंडोरीतल्या पाटनगढचा जनगढसिंह श्याम १९८० च्या दशकात भोपाळच्या भारत भवनात पोहोचला, १९८९ मध्ये पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याची चित्रं लागली. २००१ मध्ये जपानच्या एका संग्रहालयात काम करत असतानाच त्याचा मृत्यू झाला. परदेशी जाणाऱ्या लोककलाकारांचे करार कसे असतात, त्यांची काळजी कोण घेतं, हे प्रश्न त्यानंतर उघडपणे विचारले गेले. त्याच पाटनगढचा भज्जू श्याम लंडनला गेला, तिथल्या अनुभवावर चित्रांचं पुस्तक केलं आणि २०१८ मध्ये पद्मश्री झाला. प्रतिभा दोघांकडेही होती. आपल्या भागातल्या पोरांना प्रतिभेसोबत कागद वाचायचीही सवय लागली पाहिजे.

यंदा काय करावं?

अकरावी-बारावीतल्यांनी रोज एक चित्र काढावं, वस्तू समोर ठेवून. केंद्राच्या नमुन्यातले दाखले आताच काढून ठेवावेत. दिवाळीच्या आसपास परीक्षांचे अर्ज सुटतात, त्यावर नजर ठेवावी. सुट्टीत नागपूर किंवा भोपाळची एक फेरी करावी. पदवी झालेल्यांनी फ्लेक्स, मंडप किंवा नाटकाच्या कंपनीत एक हंगाम काढावा आणि त्याची वही तयार करावी.

पालकांनी एवढंच करावं. "पोट भरते का" हा प्रश्न जरूर विचारावा, पण पोराची वही पूर्ण बघून झाल्यावर. पुढच्या वेळी मुक्कीला पाहुणे घेऊन गेलात तर वाघ दिसो न दिसो, माहिती केंद्रात दहा मिनिटं थांबा आणि पोराला विचारा, "हे तू कसं मांडलं असतंस?" उत्तर आलं तर त्याला ऐकून घ्या.